‘सेल’, ‘चार्ज’, ‘पॉवर’: इंग्रजीतील साध्या शब्दांचे अनेक अर्थ आठवीच्या मुलांना कसे समजावावेत?

खडूफळा:

नमस्कार. मी सातारा जिल्ह्यातील एका खेडेगावातील शाळेत आठवीला विज्ञान शिकवते. आमच्याकडे सेमी इंग्रजी आठवीपासून सुरू होते. त्यामुळे सातवीपर्यंत ‘पेशी’, ‘विद्युत घट’, ‘द्रावण’, ‘आम्लारी’ हे शब्द सहज वापरणारी मुले जूनमध्ये एकदम गणित आणि विज्ञान इंग्रजीतून वाचू लागतात. मला भीती वाटत होती ती लांबलचक पारिभाषिक शब्दांची, पण अनुभव नेमका उलटा आला. ‘फोटोसिंथेसिस’सारखा शब्द मुले चार दिवसांत पाठ करतात, कारण तो जिथे भेटेल तिथे त्याचा अर्थ एकच असतो. मुले अडतात ती ‘सेल’, ‘चार्ज’, ‘पॉवर’, ‘बेस’, ‘सोल्यूशन’, ‘लाइट’ अशा लहान, रोजच्या कानावर पडणाऱ्या शब्दांपाशी.

गेल्या घटक चाचणीत विजेच्या पाठावर मी एक प्रश्न घातला होता: सेलची नामनिर्देशित आकृती काढा. एका मुलीने वनस्पतिपेशीची अतिशय सुंदर आकृती काढली. पेशीभित्तिका, केंद्रक, रिक्तिका, हरितलवके, सगळे जागच्या जागी होते. मला हवा होता कोरडा विद्युत घट. प्रश्नात ‘ड्राय’ हा शब्द मी लिहिला नव्हता, म्हणजे चूक माझी होती, आणि तिला मी पूर्ण गुण दिले. पण मधल्या सुट्टीत तिने जे विचारले, त्याचे समाधानकारक उत्तर माझ्याजवळ नव्हते. ती म्हणाली, “बाई, मराठीत पेशी वेगळी आणि घट वेगळा. इंग्रजीत दोघांना एकच नाव का ठेवलं? त्यांना शब्द कमी पडले का?”

त्या रात्री मी ‘चार्ज’ हा शब्द कोशात पाहिला आणि गोंधळ आणखी वाढला. मोबाइल चार्ज करणे, वीजबिलावरचा स्थिर आकार, पोलिसांचा लाठीचार्ज, न्यायालयातील दोषारोप, बदली झालेल्या मुख्याध्यापकांनी सोपवलेला चार्ज आणि आमच्या पाठातला अणूमधील कणांवरचा धन किंवा ऋण प्रभार, या सगळ्यांसाठी एकच शब्द आहे. हे अर्थ एकमेकांशी काही नाते सांगतात, की योगायोगाने एका स्पेलिंगखाली जमले आहेत? कोशकार ते कसे ठरवतात? आणि तेरा वर्षांच्या मुलांना, ज्यांच्या घरी इंग्रजी बोलणारे कोणी नाही, यातले किती आणि कोणत्या क्रमाने सांगावे? जाणकारांनी सविस्तर लिहिले तर मी आभारी राहीन.


मूळशोधक:

त्या मुलीच्या प्रश्नापासूनच सुरुवात करतो, कारण तो फार नेमका आहे. इंग्रजीला शब्द कमी पडले असे नाही. ज्यांनी नावे ठेवली त्यांना दोन्हीकडे एकच गोष्ट दिसली, ती म्हणजे खोली. लॅटिन भाषेत ‘सेला’ म्हणजे लहान खोली किंवा कोठार. ख्रिस्ती मठात संन्यासी ज्या एकेकट्या खोलीत राहत ती सेल, आणि तुरुंगातील कोठडी तीही सेल. १६६५ साली लंडनमध्ये रॉबर्ट हूकने बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तेव्हा त्याला मधमाश्यांच्या पोळ्यासारखे ओळीने मांडलेले रिकामे कप्पे दिसले आणि त्यांना त्याने सेल म्हटले. त्याने पाहिल्या त्या मेलेल्या पेशींच्या नुसत्या भिंती होत्या. आतला जिवंत भाग केव्हाच नाहीसा झालेला असल्यामुळे त्याला ‘खोली’ हेच नाव सुचावे, यात नवल नाही. पुढे वीज निर्माण करण्याच्या सुरुवातीच्या साधनांत लांबट पेटीचे कप्पे पाडून त्यांत आम्ल भरत, तेव्हा त्या प्रत्येक कप्प्यालाही सेल म्हणू लागले. मोबाइलला अमेरिकेत सेल फोन म्हणतात तेही याच कारणाने: सगळा प्रदेश लहान लहान विभागांत वाटून प्रत्येक विभागाला मनोरा दिलेला असतो.

आता आपल्या ‘घट’ या शब्दाकडे पाहा. नवरात्रात आपण ज्याची स्थापना करतो तो घट म्हणजे मातीचे भांडे. विजेच्या साधनाला मराठीत नाव ठेवणाऱ्यांनाही भांडेच दिसले, फक्त त्यांनी पेशीसाठी वेगळा शब्द घेतला. म्हणजे जुन्या शब्दाला नवे काम देण्याची रीत दोन्ही भाषांत एकच आहे. इंग्रजीने एकाच खोलीला दोन्ही कामे दिली, इतकेच. हे त्या मुलीला जरूर सांगा.

‘चार्ज’ची गोष्ट मला त्याहून आवडते. लॅटिनमध्ये ‘कारुस’ म्हणजे गाडा. हा शब्द रोमन लोकांनी गॉल प्रदेशातील केल्टिक लोकांकडून घेतला. त्यावरून ‘गाड्यावर माल लादणे’ या अर्थाचे क्रियापद तयार झाले, आणि ते जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत ‘चार्ज’ होऊन आले. ‘कार’, ‘कार्गो’ आणि ‘कॅरी’ हे त्याच घरातले शब्द आहेत. लादणे ही कल्पना धरून ठेवली की बाकीचे अर्थ ओळीने उलगडत जातात. कामाची जबाबदारी लादली तो पदाचा चार्ज. पैशाचे ओझे लादले ते शुल्क. माणसावर दोष लादला तो न्यायालयातला चार्ज. बंदुकीत दारू भरली तोही चार्ज. अठराव्या शतकात काचेच्या बरणीत वीज साठवण्याचे प्रयोग होऊ लागले, तेव्हा बंदूक भरावी तशी बरणी ‘भरली’ असे प्रयोगकर्ते म्हणू लागले, आणि तिथून हा शब्द विजेच्या शास्त्रात शिरला. अशा बरण्यांच्या जोडणीला ‘बॅटरी’ हे नाव बेंजामिन फ्रँकलिनने दिले, तेही तोफांच्या रांगेवरून. त्या काळातील वीजशास्त्राच्या बोलीवर तोफखान्याची छाप होती, हे मुलांना सांगितले तर त्यांना ते लक्षात राहील.

आणि इथे मराठीने जे केले आहे ते मला फार सुंदर वाटते. प्रभार, कार्यभार, पदभार, अधिभार: प्रत्येक शब्दात ‘भार’ आहेच. ‘आरोप’ या शब्दातही मुळात ‘वर ठेवणे’ हीच कल्पना आहे. परिभाषा घडवणाऱ्यांनी प्रत्येक शास्त्रासाठी शब्द वेगळा केला, पण ओझ्याची कल्पना हातची जाऊ दिली नाही.

अर्थात, सगळेच शब्द असे एका मुळाचे नसतात. ‘लाइट’ म्हणजे प्रकाश आणि ‘लाइट’ म्हणजे हलका, हे जर्मानिक भाषांमधील दोन वेगळ्या मुळांचे शब्द आहेत, जे उच्चार झिजत जाऊन एकसारखे झाले. ‘मीन’ तर तीन ठिकाणांहून आला आहे. ‘अर्थ असणे’ हे जुने इंग्रजी क्रियापद, ‘हलक्या मनाचा’ हा अर्थ ‘सामाईक, सर्वसाधारण’ या अर्थाच्या दुसऱ्या जुन्या शब्दातून, आणि गणितातला मध्य लॅटिनमधून फ्रेंचमार्गे. ‘चार्ज’सारख्या एका मुळाच्या शब्दाला कोशकार एकच नोंद देतात व अर्थांना क्रमांक देतात. वेगळ्या मुळांच्या शब्दांना स्वतंत्र नोंदी देऊन शब्दाच्या डोक्यावर लहान आकडा घालतात. तुमच्या कोशात ‘लाइट’ किंवा ‘मीन’ दोनतीनदा छापलेला दिसेल तो यामुळे.

सीमारेषा मात्र नेहमी इतकी स्वच्छ नसते. पैशांची बँक आणि नदीचा ‘बँक’ म्हणजे काठ यांना कोश दोन वेगळे शब्द मानतात. काठाचा शब्द उत्तरेकडच्या नॉर्स भाषेतून आला आणि पेढीचा इटलीतून, जिथे सराफ बाकावर बसून पैसे मोजत. पण इटालियन भाषेने तो बाकाचा शब्द पूर्वी जर्मानिक लोकांकडूनच उचलला होता, त्यामुळे आणखी मागे गेले तर दोन्ही पुन्हा एकाच मुळाशी जाऊन मिळतात.

अर्थ किती असू शकतात याची कल्पना यावी म्हणून सांगतो. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १९८९ साली २० खंडांत निघाली, तेव्हा ‘सेट’ या क्रियापदाची नोंद सर्वांत लांब होती आणि तिच्यात सुमारे ४३० अर्थ होते. पुढच्या आवृत्तीच्या कामात संपादकांनी ‘रन’ या क्रियापदाचे ६४५ अर्थ नोंदवले. या शब्दांत अवघड असे काहीही नाही. ते फार वापरले जातात, म्हणूनच त्यांना इतके अर्थ आहेत. शब्द जितका अधिक वापरात, तितके त्याचे अर्थ अधिक, ही गोष्ट जॉर्ज झिफ या अमेरिकन अभ्यासकाने १९४०च्या दशकात आकडेवारी मांडून दाखवली होती. तुमची मुले लांब शब्दांपाशी न अडता लहान शब्दांपाशी अडतात, हे निरीक्षण त्याच्याशी पूर्ण जुळते.


वऱ्हाडी अनुवादक:

मूळशोधक यांचे विवेचन मी आवडीने वाचले आणि ‘चार्ज’च्या बाबतीत त्यात एक भर घालतो. १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०० मध्ये ‘चार्ज’ हा शब्द स्थावर मालमत्तेवरील ऋणभार या अर्थाने येतो. बाईंच्या गावातले शेतकरी त्याला ‘बोजा’ म्हणत असतील. पीककर्ज घेतले की सातबाऱ्यावर बोजा चढतो आणि फेडले की उतरतो, हे आठवीच्या मुलांनी घरी ऐकलेले असते. लॅटिनमधील गाड्यावरचे ओझे मुलांपर्यंत न्यायचे असेल, तर सातबाऱ्याहून जवळचा रस्ता मला दिसत नाही.

तरीही मुळाच्या वाटेने शिकवण्याबद्दल माझा आक्षेप आहे, आणि तो मी जिल्हा न्यायालयातील कागदपत्रांचे भाषांतर बरीच वर्षे केल्यावर मांडत आहे. मूळ कळल्याने शब्द आवडू लागतो, पण समोरच्या वाक्यात त्याचा कोणता अर्थ घ्यायचा हे मूळ सांगत नाही. ‘नाइस’ हा शब्द ज्या लॅटिन शब्दातून आला त्याचा अर्थ अडाणी. आजच्या वाक्यात त्याचा काय उपयोग? ‘सॅन्क्शन’ या शब्दाचे मूळ ‘विधिपूर्वक पवित्र करणे, कायम करणे’ असे आहे. कायद्याला मान्यता देणे आणि तो मोडणाऱ्याला शिक्षा ठरवणे, या दोन्ही क्रिया त्यातून निघाल्या. म्हणून भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात लोकसेवकावर खटला भरण्यापूर्वी लागणारी ‘सॅन्क्शन’ म्हणजे मंजुरी, आणि एखाद्या देशावर लादलेली ‘सॅन्क्शन्स’ म्हणजे निर्बंध. मूळ माहीत असूनही अननुभवी भाषांतरकार इथे बरोबर उलटा अर्थ लिहून बसतो. ‘एक्झिक्यूट’चेही तसेच. त्याच्या मुळाशी ‘शेवटपर्यंत तडीस नेणे’ ही कल्पना आहे. दस्ताच्या बाबतीत तो निष्पादन, हुकूमनाम्याच्या बाबतीत अंमलबजावणी आणि माणसाच्या बाबतीत देहदंड. तिन्ही अर्थ एकाच न्यायालयाच्या आवारात वावरतात, आणि कोणता कुठे हे शेजारचा शब्दच सांगतो.

इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे तेही यातून सुटलेले नाहीत. ‘टेबल’ हे क्रियापद ब्रिटनमध्ये ‘विषय चर्चेला घेणे’ या अर्थाने वापरतात आणि अमेरिकेत ‘विषय बाजूला ठेवणे’ या अर्थाने. दुसऱ्या महायुद्धात दोन्ही देशांच्या सेनाधिकाऱ्यांची एका बैठकीत याच शब्दावरून बराच वेळ वादावादी झाली, आणि अखेर दोघांनाही तो विषय लगेच चर्चेला घ्यायचा आहे असे लक्षात आले, अशी हकीकत विन्स्टन चर्चिल यांनी आपल्या आठवणींत नोंदवली आहे. आपल्या विधिमंडळात कागदपत्र ‘सभागृहाच्या पटलावर’ ठेवतात, तो शब्दप्रयोग ब्रिटिश संसदेच्या प्रथेवरून आलेला आहे.

मग अर्थ ठरवायचा कसा? याचे उत्तर आपल्या परंपरेत फार पूर्वीच दिलेले आहे. साधारण पाचव्या शतकातील व्याकरणकार भर्तृहरी याने वाक्यपदीयात, अनेकार्थी शब्दाचा नेमका अर्थ कशाकशावरून ठरतो, याची यादीच दिली आहे: सोबतची वस्तू, तिचा वियोग, साहचर्य, विरोध, हेतू, प्रकरण, खूण, दुसऱ्या शब्दाचे सान्निध्य, सामर्थ्य, औचित्य, देश, काळ, शब्दाचे लिंग आणि स्वर. संस्कृतच्या पाठशाळेत याचे ठरलेले उदाहरण ‘सैंधव आण’ हे आहे. सैंधव म्हणजे मीठ आणि सैंधव म्हणजे सिंधू देशाचा घोडा. मालक जेवायला बसला असेल तर मीठ आणायचे, प्रवासाला निघाला असेल तर घोडा. पंधराशे वर्षांपूर्वी केलेली ही यादी घेऊन मी आजही न्यायालयाचा इंग्रजी कागद वाचायला बसतो आणि ती मला कमी पडत नाही. विसाव्या शतकात जे. आर. फर्थ या ब्रिटिश भाषावैज्ञानिकानेही शब्दाची ओळख त्याच्या सोबत्यांवरून होते, असे मत मांडले.

म्हणून माझी सूचना अशी की मुलांना सुटा शब्द देऊच नये, जोडी द्यावी. ‘सेल’ असे न लिहिता ‘प्लांट सेल’ आणि ‘ड्राय सेल’ लिहावे. ‘चार्ज’ शिकवताना त्याच्यापाठोपाठ येणारा लहान शब्दही शिकवावा, कारण ‘चार्ज फॉर’ आले की पैसे, ‘चार्ज विथ’ आले की आरोप आणि ‘इन चार्ज ऑफ’ आले की जबाबदारी, हे बहुतेक वेळा ठरलेले असते. वहीत दोन रकाने आखून एका बाजूला इंग्रजी जोडी आणि दुसऱ्या बाजूला मराठी शब्द लिहिला, तर सातवीपर्यंत शिकलेली परिभाषा मुलांच्या कामी येईल. सेमी इंग्रजीत आल्यावर मराठी परिभाषा टाकून द्यायची असते, असा अनेक पालकांचा समज आहे. माझ्या मते ती या मुलांची सर्वांत मोठी मिळकत आहे. इंग्रजीने जे एका शब्दात कोंबले आहे ते मराठी परिभाषेने आधीच वेगवेगळे करून ठेवले आहे. ‘पॉवर’चेच पाहा: भौतिकशास्त्रात शक्ती, गणितात घात, कायद्यात अधिकार.

जाता जाता एक गोष्ट. आमच्या विदर्भात न्यायालयाच्या तारखेला ‘पेशी’ म्हणतात. तो शब्द फारसीतील ‘पेश’, म्हणजे समोर, यावरून आला, आणि जीवशास्त्रातली पेशी संस्कृतातून. बाईंच्या विद्यार्थिनीने अमरावतीत कोणाला ‘उद्या माझी पेशी आहे’ असे म्हणताना ऐकले, तर तिला पुन्हा प्रश्न पडेल.


पैलतीर:

मी न्यू जर्सीत राहते आणि रविवारी इथल्या मराठी शाळेत मुलांना मराठी शिकवते. तुमचा प्रश्न वाचून मला माझा वर्ग आठवला, कारण माझ्याकडे हीच अडचण उलट्या बाजूने येते. इथे जन्मलेली मुले ‘सेल’ किंवा ‘चार्ज’पाशी कधीच थबकत नाहीत, ती थबकतात आपल्या ‘लागणे’पाशी.

पहिल्या वर्षी मी ‘लागणे’ याचा अर्थ फळ्यावर ‘स्पर्श होणे’ असा लिहून दिला होता. दोनच आठवड्यांत एका मुलाने आजीशी फोनवर बोलताना ऐकलेली वाक्ये माझ्यासमोर ठेवली. भूक लागली. ठेच लागली. आग लागली. झोप लागली. दादाला नोकरी लागली. निकाल लागला. दार आपोआप लागले. पोहोचायला दोन तास लागले. ते माझे काका लागतात. बाळ चालू लागले. मला उद्या जावे लागेल. फलाटावर गाडी लागली. घाटात आईला गाडी लागली. शेवटच्या दोन वाक्यांपाशी तो अगदी रडकुंडीला आला होता, कारण दोन्हींत ‘गाडी लागली’ हेच शब्द आहेत. एकात रेल्वे येऊन उभी राहते आणि दुसऱ्यात बिचाऱ्या आईला मळमळते. मी त्या मुलाला काय उत्तर दिले असेल? ‘फलाटावर’ आणि ‘आईला’ हे शब्द बघ, इतकेच. म्हणजे वर भर्तृहरीचा जो दाखला आला आहे, तेच मी न कळत सांगत होते.

माझे सुचवणे असे की इंग्रजी शब्दाआधी मुलांना त्यांच्याच भाषेतले ‘लागणे’ दाखवावे. इंग्रजी ही काही विचित्र, गोंधळलेली भाषा आहे आणि आपण तिला तोंड द्यायचे आहे, ही धास्ती त्यामुळे जाते. ज्या मुलाला जन्मापासून ‘लागणे’ बिनचूक वापरता येते, त्याच्याजवळ ‘चार्ज’ ओळखण्याची कुवत आहेच.

एका बाबतीत मात्र मराठी मुलांना इंग्रजी जड जाणार, आणि त्याचे कारण त्यांना सांगायला हवे. मराठीत लिंगामुळे पुष्कळ समरूप शब्द वेगळे ओळखू येतात. तो माळ म्हणजे उघडे रान आणि ती माळ म्हणजे मण्यांची. तो हार गळ्यात, ती हार खेळात. तो मान आदराचा, ती मान खांद्यावरची. तो पाठ पुस्तकातला, ती पाठ अंगाची. ती वीट भिंतीतली, तो वीट कंटाळ्याचा. ‘विटा संपल्या’ आणि ‘वीट आला’ यांत कोणाचाही गोंधळ होत नाही, कारण क्रियापद आणि अनेकवचन आधीच इशारा देतात. जुन्या इंग्रजीतही तीन लिंगे आणि भरपूर प्रत्यय होते. १०६६ नंतर नॉर्मन राजवटीत राजदरबारी फ्रेंच आली. प्रत्यय झिजण्याची जी क्रिया आधीपासून सुरू होती ती पुढच्या दोनतीन शतकांत पूर्ण झाली, आणि लिंगभेद नाहीसा झाला. नाम कोणते आणि क्रियापद कोणते हेही आता शब्दाच्या रूपावरून कळत नाही. ‘वॉटर’ हे पाणी आणि ‘वॉटर’ हेच झाडांना पाणी घालणे. त्यामुळे इंग्रजीत अर्थ ओळखण्याचे सगळे काम वाक्यातील जागेवर आणि शेजारच्या शब्दांवर येऊन पडते. शब्दाच्या शेपटाकडे पाहायची सवय असलेल्या मराठी मुलाला ही वेगळी नजर मुद्दाम शिकवावी लागते.

आणखी एक काळजी घ्यावी असे वाटते. मराठीत आलेला इंग्रजी शब्द अनेकदा एकच अर्थ घेऊन येतो, आणि मुलांना तोच त्याचा पूर्ण अर्थ वाटतो. ‘लाइट गेली’ म्हणजे वीजपुरवठा गेला. ‘ग्लास’ तर स्टीलचाही असतो. देवनागरीत ‘सेल’ असे लिहिले की विजेरीत घालायचा सेल आणि दिवाळीतला साड्यांचा सेल एकसारखेच दिसतात, जरी इंग्रजीत त्यांचे स्पेलिंग आणि उच्चार दोन्ही वेगळे आहेत. माझ्या भाचीने पुस्तकात काचेच्या अर्थाने ‘ग्लास’ वाचला आणि खिडकीला पेला कसा लावतात, असे विचारले होते. मुलांना ठाऊक असलेला हा मराठीतला अर्थ आधी विचारून घ्यावा आणि मग पुढे जावे.


खडूफळा:

आपण तिघांनी इतके मनापासून लिहिलेत, त्याबद्दल खरोखर आभार. गेल्या आठवड्यात मी दोन तास याच विषयाला दिले, त्याचा वृत्तान्त सांगते.

पहिल्या तासाला इंग्रजीचे नावही काढले नाही. फळ्यावर ‘लागणे’ लिहिले आणि घरी बोलतो तशी वाक्ये सांगायला सांगितली. २८ वाक्ये जमली. ‘विहिरीला पाणी लागलं’ हे एका मुलाने सांगितले. त्याच्या घरी त्याच आठवड्यात विहिरीचे काम झाले होते. ‘सुतक लागलं’, ‘आडसाली उसाची लागण’ अशीही भर पडली. दुसऱ्या तासाला ‘चार्ज’ घेतला आणि सातबाऱ्यापासून सुरुवात केली. ‘बोजा’ म्हणताच निम्म्या वर्गाने माना डोलावल्या. तिथून प्रभारापर्यंत यायला मला दहा मिनिटेही लागली नाहीत. त्यानंतर वऱ्हाडी अनुवादक यांनी सुचवलेले दोन रकाने वहीत आखून घेतले. मूळ आधी सांगावे की शेजार, या आपल्या वादात माझा अनुभव असा की मुळाच्या गोष्टीने वर्ग जागा झाला आणि परीक्षेतली वाक्ये सोडवताना मात्र मुलांनी शेजारचा शब्दच शोधला.

ज्या मुलीमुळे हा प्रश्न निघाला, तिने तास संपताना उभे राहून सांगितले की ‘घट’ मराठीतही दोन आहेत: तो घट नवरात्रातला आणि ती घट ‘उत्पादनात घट झाली’ यातली. हे तिने स्वतः शोधले. मी वर्गात फक्त माळ आणि हार सांगितले होते.

दोन शब्द अजून राहिले आहेत, ‘सोल्यूशन’ आणि ‘बेस’. त्यांच्या बाबतीत गणित आणि रसायनशास्त्र यांचा संबंध मला लावता आला नाही.


मूळशोधक:

वृत्तान्त वाचून फार आनंद झाला. शेजारचा शब्द मुलांच्या अधिक कामी आला, ही गोष्ट मी मान्य करतो.

‘सोल्यूशन’च्या मुळाशी लॅटिनमधील ‘सैल करणे, सोडवणे’ हे क्रियापद आहे. खडीसाखरेचा खडा पाण्यात टाकला की त्याची बांधणी सुटते ते द्रावण, आणि कोड्याची गाठ सुटते ती उकल. मराठीत आपण गाठ सोडवतो आणि गणितही सोडवतो. ‘गणित सुटलं’ असे मुले रोज म्हणतात, तेव्हा या शब्दाचा गणितातला अर्थ त्यांना आधीच ठाऊक आहे. रसायनातल्या अर्थासाठी वर्गात मिठाचा खडा पाण्यात टाकून दाखवला तरी पुरे.

‘बेस’ म्हणजे मुळात ग्रीक भाषेतील पायरी, चौथरा. त्रिकोणाचा पाया आणि घातांकित संख्येचा पाया हे मराठीतही पायाच आहेत, त्यामुळे गणितात अडचण येऊ नये. रसायनशास्त्रात तो शब्द १७५४ साली फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ रुएल याने रूढ केला. त्या काळी माहीत असलेली बरीच आम्ले उडून जाणारी होती. त्यांना ज्या पदार्थाने धरून ठेवले आणि घन क्षाराचे रूप दिले, तो त्या क्षाराचा पाया, असा त्याचा विचार होता. मराठी परिभाषेने इथे पाया घेतला नाही. ‘आम्लारी’ची फोड आम्ल अधिक अरी अशी होते, म्हणजे आम्लाचा शत्रू. उदासिनीकरणाचा प्रयोग घ्याल त्या दिवशी ही फोड फळ्यावर लिहा, आणि त्याच्या शेजारी रुएलचा पायाही लिहा.